बाजाराची वाट

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या वाड्या-तांड्यांवरच्या दारांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी (मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’) सांगली, सातारा, कोल्हापूरकडे निघतात आणि उन्हाळ्यात परततात. काही जण कोयता कायमचा टाकून भोसरी-चाकणच्या कंपन्यांत शिरतात. त्यांत आपलेही लोक आहेत. मोठ्या शहरात नवख्या माणसाचे पाय रोवायला मदत करायची म्हणजे त्याला नेमके द्यायचे काय? मदत म्हटली की आपल्याला देग चढवणे आणि ब्लँकेट वाटणे आठवते. त्यात सवाब आहेच. पण जेवण संपल्यावर तो माणूस जातो कुठे?

आपली कालगणनाच हिजरतीपासून सुरू होते. इ.स. 622 मध्ये मक्केहून मुहाजिर मदिनेत आले, तेव्हा प्रेषितांनी (स.) एकेका मुहाजिराला एकेका अन्सारीचा भाऊ करून दिले. हजरत साद बिन रबी (रजि.) यांनी आपल्या वाट्याला आलेले भाऊ हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना अर्धी मालमत्ता देऊ केली. आपल्या बयानांतून ही उदारता नेहमी ऐकू येते. त्यावरचे उत्तर त्या मानाने कमी. अब्दुर्रहमान यांनी सादना दुआ दिली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. तो बाजार बनू कैनुका या यहुदी टोळीचा. तिथे तूप आणि पनीर विकत ते थोड्याच काळात लग्न करण्याइतके सावरले.

घेणाऱ्याची इज्जत या उत्तरात राखली गेली आहे, आणि परक्याला बाजारात जागा मिळाली हेही त्यात आहे. या बंधुभावाला मुदतही होती. सुरुवातीला हे भाऊ एकमेकांचे वारस होत. पुढे कुरआनने वारसा पुन्हा रक्ताच्या नात्याकडे दिला. मुहाजिर तोवर उभे राहिले होते.

आपल्याकडे 1857 नंतर उत्तरेकडचे विणकर मालेगावात आले. त्यांच्यापैकी कितीतरी घराण्यांचे आडनाव आज अन्सारी आहे. आले मुहाजिर म्हणून, नाव मात्र यजमानांचे! त्यांना मागाने वसवले, लंगराने नव्हे.

आता उलट बाजू. बीड शहरात फरशी बसवायला, पीओपी करायला, बेकरीत राबायला उत्तर प्रदेश-बिहारची मुले येतात. ‘यांनी आमची मजुरी पाडली,’ असे इथला गवंडी म्हणतो. त्याला केवळ इस्लामी बंधुत्व ऐकवून भागणार नाही, कारण त्याचीही चूल त्याच मजुरीवर पेटते. मदिनेतही हा पेच होता. अन्सारांनी खजुराच्या बागा वाटून द्यायची तयारी दाखवली, प्रेषितांनी (स.) ती मानली नाही. बागा अन्सारांच्याच राहिल्या; मुहाजिरांनी त्यांत राबायचे आणि पिकात वाटा घ्यायचा, असे ठरले. दोघांना एकच दर बांधून देणारा ठेकेदार आम्हाला म्हणूनच शंभर वाझांपेक्षा मोलाचा वाटतो. भोसरीत आपल्या पोराचे नाव ऐकून खोली नाकारली की आपल्याला जे लागते, तेच इथे ‘भय्या’ म्हणून हाक मारलेल्या मुलाला लागते.

शिक्षक म्हणून आम्हाला दिसते ती वाट शाळेच्या फाटकापाशी अडते. हंगामी वसतिगृहांमुळे ऊसतोडीला जाणाऱ्यांची काही मुले गावात टिकतात. शहरात कायमच्या गेलेल्यांच्या मुलांना तो आधार नाही. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे. रेशनकार्ड गावचे असले तरी धान्य आता दुसऱ्या शहरात उचलता येते. पिंपरी-चिंचवडला महापालिकेच्या उर्दू शाळाही आहेत. नव्याने उतरलेल्या बापाला यातले काही ठाऊक नसते, आणि कचेरीतल्या खिडकीपुढे त्याची जीभ अडखळते. दहा वर्षांपूर्वी तिथे गेलेला त्याच्याच गावचा माणसू दोन गल्ल्या पलीकडे राहतो. त्याने एका सकाळची हजेरी बुडवून या बापाबरोबर शाळेत जावे, एवढेच आम्ही त्याच्याकडे मागतो आहोत.