पाहुण्याचं पाणी

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, मुरला किती, विहिरींना किती आलं हे बघायचं. त्यातून आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं बाजूला काढायचं आणि उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ऊस नाही, केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. हा हिशोब समजून घ्यायला गावोगावचे लोक गाड्या भरून येतात. त्यांनाही तांब्याभर पाणी मिळतंच, आणि ते कोणत्या रकान्यात टाकायचं असा प्रश्न तिथे कुणाला पडत नसावा. आमच्या जिल्ह्यात (२०२४ साली त्याचं नाव अहिल्यानगर झालं, बोलताना तोंडात अजून नगरच येतं) दारात आलेल्याला आधी पाणी विचारतात. दुष्काळी मुलखात पाणी विचारणं ही औपचारिकता नसते. टँकरच्या दिवसांतही ते विचारलं जातं, म्हणून त्याला किंमत आहे.

पाहुणा हिशोबाबाहेर राहतो याला दोन कारणं आहेत. एक, पाहुणे घरापेक्षा थोडे असतात. दोन, आज तो आपल्याकडे आला, उद्या आपण त्याच्याकडे जाणार असतो. ही दोन्ही कारणं उरली नाहीत तर काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. सुट्टीत समुद्रावर जाणारा माणूस त्या गावचा कोण असतो?

नगरच्या माणसाला समुद्राचं वेड आहे, ते समजण्यासारखंही आहे. जिल्ह्याच्या पूर्वेकडचे तालुके पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पावसावर वर्ष काढतात. पाथर्डी-जामखेडकडच्या माणसाला नजर जाईल तिथवर पाणी दिसलं की आत काहीतरी सैल होतं. मुलांच्या परीक्षा संपल्या की टेम्पो ट्रॅव्हलर ठरते, रात्रभर प्रवास होतो आणि सकाळी तारकर्ली. मग डॉल्फिन, बनाना राईड, सुरमईची थाळी, सोलकढी, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी. यात वाईट काही नाही. वर्षभर राबणाऱ्या माणसाने चार दिवस वाळूत पाय पसरून बसावं, हा त्याचा हक्कच आहे असं मी मानतो. विश्रांतीची चैन फक्त आधीपासूनच निवांत असलेल्यांनी करावी, असा काही नियम नाही.

पण याच माणसाकडे जरा निरखून बघा. घरी तो बादलीत अंघोळ करतो, भाज्या धुतलेलं पाणी तुळशीला घालतो, नळाला पाणी येण्याच्या वेळेवर घराचं घड्याळ लावतो. तोच रिसॉर्टवर शॉवर सोडून दात घासतो. कुणी हटकलंच तर उत्तर तयार असतं: पैसे मोजलेत. हे दोन शब्द नीट तपासून पाहिले पाहिजेत, कारण सुट्टीचं सगळं नीतिशास्त्र त्यांच्यावर उभं आहे.

पैसे मोजले, पण कशाचे? खोलीच्या भाड्यात वीज आली, साबण आला, चादरी धुणाऱ्या बाईची मजुरी आली (किती आली हा वेगळा विषय). पाण्याचं काय आलं? पंपाची वीज, किंवा मे महिन्यात मागवलेल्या टँकरचं भाडं. म्हणजे पाणी उपसण्याचा आणि वाहून आणण्याचा खर्च आला. पाण्याचा नाही. किनाऱ्यावरच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. उपसा वाढला की खालचं खारं वर सरकतं आणि मग एकट्या रिसॉर्टचीच नाही, शेजारच्या माडाच्या बागेतली विहीरही मचूळ होते. ती पुन्हा गोडी व्हायला वर्षं जातात. कोकणात पाऊस धो धो पडतो हे खरं, पण तो उतारावरून समुद्रात पळतो आणि मे महिन्यात तिथेही बायका हंडे घेऊन फिरतात. शेजारच्या विहिरीची नोंद आपल्या बिलावर कुठेही नसते. व्यवहार झाला तो आपल्यात आणि मालकात. ज्याचं पाणी गेलं त्याला त्यात कुणी विचारलंच नव्हतं. पैसे दिल्याने देणं फिटतं ते ज्याला दिले त्याच्यापुरतं, ही साधी गोष्ट सुट्टीत विसरायला होते.

कांटने १७९५ साली चिरंतन शांततेवरच्या निबंधात परक्याच्या हक्काची एक नेमकी वाटणी केली होती. पृथ्वी गोल आहे, माणसं अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, तेव्हा कुणालाही कुठेही भेटीला जाण्याचा हक्क आहे आणि त्याच्याशी शत्रूसारखं वागता कामा नये. पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क मात्र नाही. त्यासाठी यजमानाचा वेगळा होकार लागतो. आयुष्यभर क्योनिग्सबर्गचा परिसर न सोडलेल्या माणसाने हे लिहिलं याची गंमत वाटते. पण त्याच्या वाटणीत आजचा पर्यटक बसत नाही. तो नुसता भेटीला आलेला परकाही नाही आणि होकाराने राहिलेला पाहुणाही नाही. तो गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. गिऱ्हाइकाची तिथी तर तीन महिने आधी ठरलेली असते, आगाऊ रक्कमही भरलेली असते. तरी जाहिरातीत त्याला अतिथीच म्हणतात, कारण त्यामुळे यजमानाने देवासारखं वागवावं ही अपेक्षा ठेवता येते आणि पाहुण्याने पाहुण्यासारखं वागावं हा भाग गाळता येतो.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. घरातल्याच दोन खोल्या आणि घरचंच जेवण देणाऱ्या निवास-न्याहारी योजनेमुळे तिथल्या अनेक कुटुंबांच्या हातात पैसा आला, आणि हा प्रकार मला अजूनही सर्वांत सभ्य वाटतो. ज्या घरात मालकीणबाई स्वतः विहिरीचा पंप बंद करते तिथे नळ सोडून ठेवायला माणूस लाजतो. ही लाज मोठ्या हॉटेलात नसते. तिथे टॉवेल रोज बदलू नका, पृथ्वी वाचवा अशी एक चिठ्ठी ठेवलेली असते आणि खिडकीबाहेर, समुद्रापासून शंभर पावलांवर, पोहण्याचा तलाव भरलेला असतो.

गोव्याने २०१९ साली कायदा दुरुस्त करून किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणाऱ्याला आणि स्वयंपाक करणाऱ्याला माणशी २,००० रुपये दंड ठेवला. बाटल्यांच्या काचा वाळूत टाकणाऱ्याला दंड व्हावा, यात वाद नाही. पण स्टोव्ह आणि पातेली घेऊन बसने येणारी माणसं बहुधा आमच्यासारख्याच भागातली असतात. गाडीतच झोपतात, दोन बादल्यांत भागवतात. त्यांचा कचरा दिसतो, म्हणून ते नकोसे होतात. पोहण्याचा तलाव भरणाऱ्याचं पाणी दिसत नाही, म्हणून तो ‘दर्जेदार पर्यटक’ ठरतो. १९८०च्या दशकात ‘जागृत गोंयकारांची फौज’ रस्त्यावर उतरली होती ती मात्र नेमकी तारांकित हॉटेलं आणि चार्टर विमानं यांच्याविरुद्ध. पाणी, वीज आणि किनारा कुणाच्या वाट्याला जातोय हा त्यांचा प्रश्न होता. तो मागे पडला आणि कोण किती खर्च करतो हा प्रश्न पुढे आला.

इथवर आपण पाहुणे होतो. आता यजमान होऊन बघू, कारण आमच्या जिल्ह्यात तीही सोय आहे.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे मुंबई-पुण्याची तारकर्लीच. भंडारदऱ्याचं धरण १९१० साली बांधायला घेतलं, १९२६ साली पुरं झालं. जिथे लोक तंबू ठोकतात त्या जलाशयाखाली कुणाची तरी भातखाचरं आहेत. पाणी प्रवरेतून आणि कालव्यांतून खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरला जातं, उसाला जातं. त्या उसावर जिल्ह्याची सुबत्ता उभी राहिली. आणि घाटघरला, जिथे जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस कोसळतो, त्याच पट्ट्यातल्या वाड्यांवर उन्हाळ्यात झऱ्याशी रात्र काढावी लागते. नेमक्या त्याच दिवसांत, मेअखेरीस, काजवे येतात आणि काजव्यांमागे गाड्या. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडं लुकलुकायला लागतात. ती लुकलुक म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. हेडलाइट आणि मोबाइलच्या उजेडात ती दिसेनाशी होते, पायाखाली अंडी आणि माद्या चिरडतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, वन विभाग नियम लावतो, तरी शनिवारी रात्री भंडारदऱ्याच्या रस्त्यावर जो उजेड असतो तो काजव्यांचा नसतो.

मग काय, येऊ नका म्हणायचं? असं म्हणणारे बहुतेक जण स्वतः काजवे बघून आलेले असतात. साम्रद, रतनवाडीचे तरुण सांदण दरीत वाट दाखवतात, तंबू लावतात, घरून पिठलं-भाकरी देतात. त्यातून येणारा पैसा नसता तर त्यांतले कितीतरी जण उन्हाळ्यात खाली नारायणगावच्या बाजूला मजुरीला गेले असते. माझ्या नीतिविचारासाठी त्यांनी मजुरीला जावं, हे म्हणायला मी धजत नाही.

पण ‘त्यांनाच हवंय’ हे उत्तरही पुरेसं नाही. यजमानपण कशाला म्हणायचं? ज्याला नाही म्हणता येतं त्याच्याच ‘या’ला अर्थ असतो. ज्याची वर्षाची रोकड त्या तीन आठवड्यांवर अवलंबून आहे त्याचा होकार खरा असतो, पण मोकळा नसतो. म्हणून मला हिवरे बाजारचा ताळेबंद आठवतो. तिथे मोठी गोष्ट पाणी मोजणं ही नव्हतीच. मोजून झाल्यावर नाही म्हणायचा अधिकार गावाकडे राहिला, ही मोठी गोष्ट. यंदा झरे आटले, या शनिवारी पन्नासच गाड्या, असं एखाद्या आदिवासी वाडीच्या ग्रामसभेला म्हणता आलं आणि पुण्याच्या गाडीला निमूट मागे वळावं लागलं, तर पन्नासाव्या गाडीतला माणूस खऱ्या अर्थाने पाहुणा होईल. त्याचंही पाणी मग कुठल्यातरी रकान्यात लिहिलेलं असेल.

कुणी म्हणेल, वारीत काय मोजतात? निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून नगरमार्गे जाते, वाटेतली गावं हजारोंना जेवू घालतात. खरं आहे. पण वारकरी एक मुक्काम करतो, पुढ्यात येईल ते खातो, आणि वाढणाऱ्या घरातलं माणूस पुढच्या आषाढीला स्वतः वाटेवर असू शकतं. फेड होण्याची वाट तिथे उघडी आहे. सुट्टीत ती बंद असते. अँटिग्वाची लेखिका जमैका किंकेड हिने १९८८ सालच्या ‘अ स्मॉल प्लेस’मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवलं: पर्यटक आपल्या कंटाळ्यातून सुटका म्हणून आपलं बेट बघायला येतो, आणि बेटावरच्या माणसाला त्याच्या कंटाळ्यातून सुटका हवी असली तरी बहुतेकांना कुठे जायला परवडत नाही.

आता परवडायला लागलं आहे, निदान थोड्यांना. समजा, साम्रदच्या एखाद्या घराने काजव्यांचे दोन हंगाम नीट केले, पैसे साठवले आणि म्हाताऱ्या आईला समुद्र दाखवायला तारकर्लीला नेलं. जन्मभर झऱ्यावरून हंडा वाहिलेली ती बाई खोलीत शॉवरखाली उभी राहिली आणि अर्धा तास बाहेरच आली नाही. शेजारची विहीर तिच्यामुळेही तेवढीच मचूळ होते. तिला बंद कर म्हणून सांगायला दार कोणी वाजवायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.