शंकेची मर्यादा : न्यायदर्शनातील उपाधी आणि आरोग्य-संशोधन

दोन गोष्टी वारंवार एकत्र आढळल्या म्हणजे त्यांपैकी एक दुसरीचे कारण ठरते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञानात जितका जुना आहे तितकाच आजच्या आरोग्य-संशोधनात जिवंत आहे. एखादी सवय आणि एखादा रोग यांचा सहसंबंध दिसला की संशोधकाला त्या दोहोंशी जोडलेल्या तिसऱ्या घटकाची शंका घ्यावीच लागते. संभ्रमकारक चल किंवा कन्फाउंडर म्हणून ओळखला जाणारा हा घटक सवयीशी निगडित असतो, रोगावर स्वतंत्रपणे परिणाम करतो, परंतु सवयीपासून रोगापर्यंत जाणाऱ्या कारणसाखळीतला मधला दुवा नसतो.

न्यायदर्शनाने अनुमानाचा विचार करताना याच स्वरूपाचा दोष ‘उपाधी’ या संकल्पनेने टिपला. अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान नैयायिकांना मान्य नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. धुराचा खरा संबंध ओल्या इंधनाशी असतो आणि तेच येथे उपाधी ठरते. जे सिद्ध करायचे ते ‘साध्य’ आणि ज्याच्या आधारे सिद्ध करायचे तो ‘हेतू’. साध्य जेथे जेथे असते तेथे तेथे जो आढळतो, पण हेतूच्या प्रत्येक ठिकाणी आढळत नाही, तो उपाधी. याच चर्चेतले दुसरे पारंपरिक उदाहरण तर थेट आहारविषयक आहे : मैत्री नावाच्या स्त्रीची आजवर पाहिलेली मुले सावळी आहेत, म्हणून तिच्या गर्भातले मूलही सावळेच असेल, असे कोणी म्हटले, तर वर्णाचे कारण मैत्रीचे अपत्य असणे हे नसून गरोदरपणी तिने खाल्लेल्या पालेभाज्या हे असू शकेल, अशी हरकत घेतली जाते. त्यातील शरीरविज्ञान आज टिकणारे नाही, पण हरकतीची घडण आजच्या संशोधकाला परिचित वाटावी अशीच आहे. मात्र नैयायिकाची व्याप्ती, म्हणजे हेतू व साध्य यांचा नित्यसंबंध, एकाही अपवादाने मोडते, तर आरोग्य-संशोधन संभाव्यतेच्या अंगाने चालते, हा भेद विसरता येत नाही.

उपाधी ज्ञात असेल तर त्याचा बंदोबस्त करता येतो. समान वयाच्या व्यक्तींची जोडी लावणे, एकाच आर्थिक स्तरातील लोकांची आपापसांत तुलना करणे किंवा सांख्यिकी समायोजनाने त्या घटकाचा प्रभाव वजा करणे, हे त्याचे रूढ मार्ग होत. अज्ञात उपाधीवर उपाय म्हणजे यादृच्छिक वाटप, म्हणजे कोणाला उपचार मिळावा हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवणे, कारण त्यामुळे न मोजलेले घटकही दोन्ही गटांत साधारण सारखे विभागले जातात. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो, असे निरीक्षणात्मक अभ्यासांत दिसत होते. अमेरिकेत 16,608 स्त्रियांवर झालेल्या यादृच्छिक चाचणीत मात्र हे संरक्षण आढळले नाही, उलट धोका काहीसा वाढलेला दिसला आणि 2002 साली ती चाचणी मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. उपचार कोणत्या वयात सुरू झाला याचाही या तफावतीत वाटा मानला जातो. तरीही आपणहून संप्रेरके घेणाऱ्या स्त्रिया मुळात अधिक सुस्थित, सुशिक्षित व आरोग्यदक्ष होत्या, ही शंका रास्तच होती.

परंतु जेथे यादृच्छिक वाटप नीतीला धरून होऊ शकत नाही, तेथे शंका कोठवर ताणावी, हा खरा पेच आहे. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1950 साली लंडनमधील रुग्णालयांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे 709 रुग्ण आणि तितकेच इतर रुग्ण यांची तुलना करून धूम्रपानाशी असलेला संबंध दाखवला, तेव्हा वय, लिंग व रुग्णालय यांची जुळणी त्यांनी आधीच केली होती. यादृच्छिक प्रयोगाची पद्धत सांख्यिकीत रुजवणारे रॉनल्ड फिशर यांनी तरीही असा आक्षेप घेतला की, एखादी आनुवंशिक प्रकृतीच माणसाला धूम्रपानाकडे आणि कर्करोगाकडेही नेत असेल. न्यायाच्या परिभाषेत हा ‘संदिग्ध’ उपाधी होय, म्हणजे निश्चित न झालेला, केवळ संभवणारा. आणि अशा उपाधीनेही व्याप्तीविषयी संशय उत्पन्न होतो, हे नैयायिक मान्य करतात.

हा संशय दूर करण्याचे त्यांचे साधन म्हणजे तर्क : विरुद्ध पक्ष क्षणभर खरा धरून त्यातून कोणते अनिष्ट निष्कर्ष निघतात हे दाखवणे. जेरोम कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1959 साली केलेला युक्तिवाद नेमका याच जातीचा आहे. धूम्रपान करणाऱ्यांचा धोका इतरांच्या सुमारे नऊपट असून तो संपूर्णपणे गुप्त प्रकृतीमुळेच येत असेल, तर ती प्रकृतीही धूम्रपान करणाऱ्यांत किमान नऊपट अधिक आढळायला हवी, आणि इतका ठळक घटक कोणीही दाखवलेला नव्हता. शिवाय धूम्रपान सोडणाऱ्या ब्रिटिश डॉक्टरांमधील धोका, ते चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, काळ जाईल तसा कमी होताना दिसला; जन्मजात प्रकृती तर सवय सोडल्याने बदलत नाही.

अदृश्य उपाधी कधीच पूर्णपणे नाकारता येत नाही, म्हणून अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा चार्वाकांचा आक्षेप होता. त्यावर उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त असे उत्तर दिले की, अन्य देशकाळाविषयीची शंकाही अनुमानावरच उभी असते आणि शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या आचरणाशी विरोध येतो तेथे शंका थांबते. पुढे गंगेशांनी दाखवले की, तृप्तीसाठी भोजन करणारा भोजन आणि तृप्ती यांच्या संबंधावर खरीखुरी शंका घेत नसतो. या विरोधाची कल्पनाच शंकेवर अवलंबून आहे, असे श्रीहर्षांनी उदयनांना सुनावले, आणि तो वाद निर्विवाद मिटला असे म्हणता येत नाही. संशोधनातूनही शंकेचा संपूर्ण लोप होत नाही तो याच कारणाने. तथापि त्यातून निघणारी जबाबदारी स्पष्ट आहे : पुरावा मांडणाऱ्याने उपाधी शोधले पाहिजेत, तसेच शंका घेणाऱ्यानेही आपला उपाधी कोणता, तो किती प्रबळ असावा लागेल आणि कशाने खोटा ठरेल, हे सांगितले पाहिजे. हे न सांगता निर्णय लांबवत राहणारी शंका ज्ञानात भर घालत नाही, आणि आरोग्याच्या क्षेत्रात त्या विलंबाची किंमत शंका घेणाऱ्यापेक्षा बहुधा इतरांनाच मोजावी लागते.