ओले लाकूड झाकू नका



मृग जवळ आला की अंगणातली बाके, खुर्च्या, झोपाळे आपण ताडपत्रीने झाकतो. ते योग्यच आहे; मिळालेली वस्तू जपणे हीसुद्धा कृतज्ञता आहे. मात्र ओले लाकूड कधी झाकू नये. आतली ओल कोंडली की बुरशी धरते आणि वरून धडधाकट दिसणारे बाक आतून कुजते. म्हणून आधी ते धुवावे, कडक उन्हात वाळवावे, पायांखाली विटा ठेवाव्यात. ताडपत्री सैल बांधावी, वारा खेळू द्यावा, उघडीप मिळताच काढावी.

नोहाच्या तारवाला आतून आणि बाहेरून डांबर लावले होते, असे उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात आपण वाचतो. आतली बाजूही तितकीच महत्त्वाची!

घरातल्या भांडणांवरही आपण घाईने पांघरूण घालतो. वाटणीवरून अबोला धरलेले दोन भाऊ मिस्साला येतात, शांतीची खूण मात्र दुसऱ्यांना देतात. प्रीती दोष झाकते, असे संत पेत्र शिकवतो; पण क्षमा न मागता, न देता झाकलेला राग आतून कुजवतो.

या आठवड्यात ताडपत्री बांधण्याआधी भावाच्या घरी जाऊन या. प्रभू तुम्हांला बळ देवो.

आपला धर्मगुरू