खेळातला धक्का कुणाला लागतो?

॥ श्रीगुरवे नमः ॥



या वेळचा विषय जरा वेगळा आहे, मुलांच्या टीव्हीवरच्या गाड्यांच्या खेळाचा. ज्येष्ठांनी "हे आपल्यासाठी नाही" म्हणून सोडून देऊ नये. गोष्ट शेवटी माझ्यावरच येते.

आमचा नातू अकरावीत आहे. दहावीला चांगले मार्क मिळाले म्हणून त्याला प्लेस्टेशन मिळालं. त्यावर तो ग्रॅन टुरिस्मो नावाचा शर्यतीचा खेळ खेळतो. एका रविवारी मी मागे बसून जप करत होतो. खरं सांगायचं तर माळ हातात होती आणि डोळे टीव्हीवर. शेवटचं वळण आलं. पुढची निळी गाडी वळण घेण्यासाठी हळू झाली. आमच्या चिरंजीवांनी ब्रेक लावलाच नाही. सरळ तिच्या कुशीत गाडी घातली. ती बिचारी मातीत गेली आणि हा पुढे निघून गेला.

मी म्हटलं, "अरे, मुद्दाम ठोकलंस ना त्याला?"

तो म्हणाला, "आजोबा, गेम आहे. कुणाला लागलं का?"

मला पटकन उत्तर सुचलं नाही. खरंच, कुणालाच लागलं नव्हतं. पत्रा चेपला नाही, रक्त आलं नाही. मग चूक कशाला म्हणायचं? दोन-तीन दिवस हा प्रश्न डोक्यात राहिला. शेवटी मी त्याच्याकडूनच तो खेळ नीट समजून घेतला.

हा खेळ मूळ जपानचा. काझुनोरी यामाउची यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर तो घडवला आणि १९९७ च्या डिसेंबरमध्ये तो तिकडे बाजारात आला. गाडी पडद्यावरही खऱ्यासारखी वागली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकांवर येतं, वळणात वेग जास्त झाला की टायरची पकड सुटते, हे सगळं त्यात आहे. पहिल्या खेळातसुद्धा लायसन्सच्या परीक्षा होत्या. जर्मनीतला नुर्बुर्गरिंगचा वीस किलोमीटरहून लांब, सत्तरहून जास्त वळणांचा रस्ताही पुढे त्यात आला.

पण मला नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. २०१७ साली आलेल्या भागापासून त्यात इंटरनेटवरून खेळणाऱ्याला दोन वेगवेगळ्या श्रेणी मिळतात. एक तुम्ही किती वेगाने चालवता याची, दुसरी कसे वागता याची. वागणुकीची श्रेणी ई पासून सुरू होते आणि सगळ्यात वरची एस. कुणाला धडक दिली की ती खाली येते, स्वच्छ चालवलं की हळूहळू वर चढते. म्हणजे तो पहिला आला तरी वागणुकीत नापास होऊ शकतो. ही अक्कल आपल्या प्रगतिपुस्तकातही नाही!

मी विचारलं, "ती निळी गाडी कोण चालवत होतं?"

"असेल कुणीतरी. ऑनलाइन होता."

म्हणजे माणूस होता. कुठल्यातरी गावात, आपल्या घरी बसून तोही पहिल्या फेरीपासून मन लावून चालवत आला होता. पत्रा खोटा होता, पण त्याचा गेलेला वेळ आणि झालेली चिडचिड खरी होती. कबड्डीत आपण समोरच्याला पाडतो, ते पाप नाही. कारण दोघांनी ते मान्य करूनच मैदानात पाऊल ठेवलेलं असतं. इथे मात्र न ठोकण्याचा नियम दोघांनी मान्य केला होता आणि एकाने तो गुपचूप मोडला.

आता कुणी म्हणेल, समोर माणूस नसून नुसता संगणक असला तर? तिथे तर शर्यत पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येते. मग कुणाचं काय गेलं?

याचं उत्तर शोधताना एक खरी गोष्ट कळली. यान मार्डनबरो नावाच्या ब्रिटिश तरुणाने २०११ मध्ये याच खेळातल्या खेळाडूंसाठी असलेली स्पर्धा जिंकली आणि त्याला खऱ्या शर्यतीच्या गाडीत बसवण्यात आलं. दोनच वर्षांनी फ्रान्समधल्या ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या वर्गात तिसरा क्रमांक मिळवला. २०२३ मध्ये त्याच्यावर सिनेमाही आला. म्हणजे दिवाणखान्यात बसून केलेला सराव हातात उतरतो. आणि त्याच मुलाची गाडी २०१५ मध्ये खऱ्या नुर्बुर्गरिंगवर हवेत उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. तो अपघात होता, त्यात हेतू नव्हता. पण तिथे पुन्हा सुरू करण्याचं बटण नव्हतं.

कौशल्य हातात उतरतं हे आपण आनंदाने मान्य करतो. मग वृत्ती मनात उतरत नाही, असं कसं म्हणायचं? यालाच आपण संस्कार म्हणतो ना? मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो. खेळात ठोकणारा मुलगा उद्या रस्त्यावर लोकांना ठोकत सुटेल, असं माझं म्हणणं नाही. मुलांना खोटं आणि खरं चांगलं कळतं. सवय लागते ती एका वाक्याची: "कुणाला लागलं का?"

हे सगळं मी नातवाला मोठ्या उत्साहाने ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आजोबा, दिवाळीच्या आधी राजवाड्यामागच्या गल्लीत तुम्ही पण हेच म्हणाला होतात."

मी गप्प झालो. त्या दिवशी गाडी मागे घेताना उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीला माझी गाडी घासली होती. खाली उतरलो, पाहिलं. दारावर वीतभर ओरखडा. आजूबाजूला कुणी पाहत नव्हतं. "एवढंसं तर आहे, कुणाला कुठे लागलंय," असं म्हणून मी निघून आलो. नातू शेजारच्या सीटवर होता.

धक्का मी मुद्दाम दिला नव्हता, त्याने दिला होता. पण निघून जाणं तर मुद्दामच होतं! आणि त्याच्या खेळात निदान श्रेणी खाली आली. तीही यंत्रच, त्याला टक्कर दिसते, हेतू दिसत नाही. कधी कधी बिचाऱ्या धक्का खाणाऱ्याचीच श्रेणी उतरते, असं नातू सांगतो. हेतू ज्याचा त्यालाच माहीत असतो. गल्लीत तर यंत्रही नव्हतं, सगळा हिशेब माझ्यावरच सोडलेला होता आणि मी तो मिटवून टाकला.

मी विचारलं, "मग तुमच्या खेळात चांगली मुलं काय करतात, धक्का लागला तर?"

तो म्हणाला, "जागा परत देतात. धक्का लागून पुढे गेलो तर बाजूला हळू व्हायचं, त्याला पुढे जाऊ द्यायचं, मग परत शर्यत."

इतकी साधी गोष्ट. इतकी वर्षं प्रवचनं ऐकून मला जे जमलं नव्हतं, ते त्या मुलांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या गल्लीत गेलो. पांढरी गाडी अर्थातच नव्हती. बांगड्यांच्या दुकानदाराला विचारलं तर तो हसला, "बाबूजी, यहाँ तो रोज़ सौ गाड़ियाँ लगती हैं।" त्याच्याकडे चिठ्ठीवर नाव आणि नंबर ठेवून आलो. पंधरा दिवस झाले, फोन आलेला नाही. चिठ्ठी ठेवली म्हणून मी सुटलो असं मला वाटत नाही. त्याच दिवशी पाच मिनिटं थांबलो असतो, तर जागा परत देता आली असती.

नातू अजूनही खेळतो, मी मागे बसतो. परवा एका वळणावर त्याचा कुणाला तरी धक्का लागला. काही न बोलता त्याने गाडी कडेला घेतली, त्या गाडीला पुढे जाऊ दिलं आणि सातवा आला. मी माळ पुढे सरकवली.

या आठवड्यात घरी सगळे एकत्र बसाल तेव्हा एवढंच एकमेकांना विचारा: "कुणाला लागलं का" म्हणून आपण कुठून निघून आलोय? आणि जागा परत देता येईल अशी अजून वेळ आहे का? मुलांना आधी विचारू नका. आधी आपण सांगा.

जय गुरुदेव 🙏
— आपला एक गुरुबंधू, इंदूर