मागील बाकी

आमच्या किराणा वहीचं प्रत्येक पान ‘मागील बाकी’ या दोन शब्दांनी सुरू व्हायचं. सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत आम्ही राहायचो. वडील गिरणीत होते, पगार दहा तारखेला. वाण्याची लांबोडकी लाल वही त्याच्या गादीवर असे आणि तिची चाळीसपानी नक्कल आमच्या फळीवर, मिठाच्या बरणीमागे. गोडेतेल पाव किलो, गूळ अर्धा किलो, चहापुडी एक, काडेपेट्या दोन, अंगाचा साबण एक. पगाराच्या संध्याकाळी वडील जमतील तेवढे पैसे वाण्याला देत, उरलेली रक्कम पुढच्या पानाच्या डोक्यावर चढे. कधी बारा रुपये, कधी अठरा. मग १९७२चा दुष्काळ आला. ज्वारी मिळेनाशी झाली, रेशनवर लाल मिलो आला आणि वर्षभरात मागील बाकी दोनशे दहा रुपयांवर गेली. त्या वर्षात आमच्या घरी ना लग्न झालं होतं, ना कुणाचं मोठं आजारपण.

एका रविवारी आईनं ती वही सगळ्यांसमोर उघडली. आम्हा पोरांनाही बसवून घेतलं. वडिलांना म्हणाली, “अहो, हे दोनशे दहा रुपये आपण कधी खाल्ले, तेच मला आठवत नाही.” वडील खाली मान घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी ती वाण्याकडे गेली आणि म्हणाली, “ही बाकी वेगळ्या पानावर लिहा. त्या पानात आता भर घालायची नाही. आजपासून मी रोखीनं नेईन आणि बाकीपोटी महिन्याला पंधरा रुपये देईन.” चौदा महिने लागले. त्या चौदा महिन्यांत आम्ही गुळाचा चहा प्यायलो आणि तेल रोजच्या रोज वाटीनं आणलं. सुट्या तेलाला पैसे थोडे जास्त पडत, तरी आई हटली नाही. शेवटी वाण्यानं त्या पानावर आडवी रेघ मारली, ती मी आईच्या शेजारी उभा राहून पाहिली.

कर्जात गेलेल्या घराबद्दल बोलताना आपण चटकन उधळेपणावर येतो. लग्नात पैसा घातला, गाडी घेतली, मोठा टीव्ही घेतला, मग कर्ज होणारच. हा आरोप दीडशे वर्षं जुना आहे आणि त्याची तपासणीही तेवढीच जुनी. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडली, खतं आणि रोखे जाळले. अनेक गावांत ज्या सावकारानं कागद मुकाट्यानं हवाली केले त्याच्या अंगाला कुणी हात लावला नाही. राग कागदावर होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाला भाव आला तेव्हा सावकारानं सढळ हातानं पैसा दिला होता. युद्ध संपलं, भाव कोसळला, शेतसारा मात्र वाढवला गेला आणि सावकारानं हात आखडला. या दंग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. त्या आयोगात काही शेतकऱ्यांची बाजू घेणारे लोक बसलेले नव्हते. तरीही त्यांनी नोंदवलं की लग्नकार्यावरच्या खर्चाला कर्जाचं कारण म्हणून वाजवीपेक्षा फार महत्त्व दिलं गेलं आहे. पोटाला धान्य, बियाणं, बैल, सरकारचा सारा अशा बारीकसारीक आणि सतत वाढत जाणाऱ्या देण्यांनी रयतेचं कर्ज जितकं फुगतं, तितकं एखाद्या लग्नानं फुगत नाही. जोतीराव फुल्यांनीही ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये लग्नातल्या उधळपट्टीचा हा आळ शेतकऱ्यावरून दूर केला.

मला हे फार मोलाचं वाटतं. उधळ्या माणसाला निदान आपण काय उधळलं ते ठाऊक असतं. महिन्याच्या तुटीतून झालेल्या कर्जाला मात्र चेहराच नसतो. ते कशाचं झालं हे घरातल्या कुणालाच सांगता येत नाही, म्हणून त्याची लाज वाटते आणि लाज वाटते म्हणून ते लपवलं जातं.

गेल्या वर्षी माझा भाचा माझ्याकडे आला. पिंपरीत एका कारखान्यात आहे, हातात बावन्न हजार येतात. बायको घरी शिकवण्या घेते, तिचे सहा. तो आला तेव्हा एकटाच होता आणि चहा समोर निवत ठेवून बसला होता. “मामा, एक लाख मिळतील का? सहा महिन्यांत देतो.” मी म्हटलं, देईन, पण आधी कागदावर मांड. त्याला मांडायला दीड तास लागला, कारण प्रत्येक हप्त्यासाठी फोनमधले जुने मेसेज शोधावे लागत होते. घराचं कर्ज चोवीस लाख, हप्ता २१,२०० रुपये. दोन वर्षांपूर्वी वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज तीन लाख, हप्ता ८,३५०. मोटरसायकल ३,४००. फोन २,२००. क्रेडिट कार्डावर ८६,००० थकलेले, त्याचे किमान देय म्हणून ४,३०० भरत होता. आणि शेवटी, अगदी हळू आवाजात, फोनवरच्या दोन कर्जाच्या ॲपचे मिळून अठरा हजार, महिना २,६००. बेरीज ४२,०५० झाली. अठ्ठावन्न हजारांतून हे गेल्यावर उरतात सोळा हजारांच्या आत, आणि मुलांची शाळा, किराणा, वीज, पेट्रोल, गावी आईला तीन हजार हे सगळं धरून घरखर्च सव्वीस हजार. दर महिन्याची दहा हजारांची तूट पुन्हा त्याच कार्डावर जात होती.

कार्डाचा हिशेब मी त्याला जवळून करून दाखवला. ८६,००० वर महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज ३,०१० रुपये. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ५४२. तो भरत होता ४,३००. म्हणजे मुद्दल फिटत होतं साडेसातशे रुपयांच्या आसपास आणि त्याच महिन्यात वर दहा हजार चढत होते. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की नव्या खरेदीला मिळणारी बिनव्याजी मुदतही जाते, दूध-भाजीचे पैसेसुद्धा स्वाइप केल्या दिवसापासून व्याजानं होतात. ‘किमान देय’ या शब्दांना तो दोन वर्षं ‘एवढं भरलं की झालं’ असंच समजत होता. आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येणार नाही, हे मुंबई इलाख्यातली न्यायालयंही मानत. आज बँका आणि वित्त कंपन्या राज्याच्या सावकारी कायद्याच्या बाहेर आहेत, आणि कार्डावर वर्षाला चाळीस टक्क्यांच्या पुढचं व्याज ही राजरोस गोष्ट आहे.

मी त्याला एक लाख दिले नाहीत. ते मी का दिले नाहीत हे त्याला त्या दिवशी पटलं नव्हतं, हेही सांगायला हवं. तो नाराज होऊन उठला. माझं म्हणणं इतकंच होतं की तुझ्या बायकोला ठाऊक नसलेल्या कर्जावर मी आणखी एक तिला ठाऊक नसलेलं कर्ज चढवणार नाही.

कर्जदाराच्या घरातून किती घेता येईल याला मर्यादा घालणारी दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ सालची आहे. तिचं साठावं कलम मी बँकेतल्या नोकरीच्या काळात अनेकदा वाचलं, पण त्यातली माणुसकी मला उशिरा कळली. न्यायालयानं जप्तीचा हुकूम दिला तरी काय जप्त करता येणार नाही, याची यादी त्यात आहे. अंगावरचे जरुरीचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, आणि धर्मरूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे मंगळसूत्राला कायद्याचं संरक्षण आहे. सर्वसाधारण देण्यासाठी पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. भाच्याच्या पगाराला हे लावून पाहिलं तर सावकार कोर्टात जाऊन, दावा जिंकून, हुकूमनामा घेऊन आला असता तरी त्याला महिन्याला सतरा हजारांच्या वर मिळाले नसते. आणि माझा भाचा कुणीही दावा न लावता बेचाळीस हजार देत होता. लहान कर्जदारांसाठी रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली सूक्ष्मवित्ताचे नियम केले, त्यातही घराच्या मासिक उत्पन्नाच्या पन्नास टक्क्यांपलीकडे एकूण हप्ते जाऊ नयेत अशी मर्यादा घातली आहे. ती मर्यादा वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांसाठी. पगारदार माणसाला मात्र कुणी थांबवत नाही. त्याला फोनवर मेसेज येतो, तुमच्यासाठी कर्ज मंजूर आहे.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक घरानं आपलं साठावं कलम आपणच लिहावं. आधी चूल, शाळेची फी, औषध आणि कामावर जाण्याचं भाडं बाजूला काढायचं. मग घर आणि ज्यावर पोट चालतं ती वस्तू ज्या कर्जाला बांधलेली आहे ते. त्यानंतर उरतील ते सगळे पैसे सर्वांत महाग व्याजाच्या देण्यावर, मग ती रक्कम कितीही लहान असो. बाकीच्यांना हप्ता चुकण्याआधी जाऊन भेटायचं. हप्ता चुकल्यावर गेलेल्या माणसाकडे बँक वेगळ्या नजरेनं पाहते, हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूनंही पाहिलं आहे. आणि हप्ता हलका होतो म्हणून मुदत वाढवून घेताना गुणाकार करून पाहायचा. पावणेनऊ टक्क्यांनी घेतलेलं चोवीस लाखांचं कर्ज वीसऐवजी पंचवीस वर्षांत फेडायचं ठरवलं, तर हप्ता महिन्याला दीड हजारानं उतरतो आणि एकूण व्याज आठ लाखांहून जास्त रकमेनं वाढतं.

तीन आठवड्यांनी भाचा परत आला, बायकोला घेऊन. तिला कळलं होतं, पण त्याच्याकडून नाही. ॲपच्या वसुलीवाल्यानं त्याच्या फोनमधल्या नंबरांवर फोन करायला सुरुवात केली आणि शाळेच्या गटातल्या एका आईनं तिला विचारलं. असे फोन करायला बंदी आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला वसुलीसाठी फोन करता येत नाही, त्याच्या घरच्यांना-मित्रांना धमकावता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं २०२२ सालीच बजावलं आहे आणि बेकायदा ॲपची तक्रार तिच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर करता येते. ती आम्ही केली. पण त्या मुलीला त्याचं काही नव्हतं. ती त्याला एकच वाक्य पुन्हा पुन्हा विचारत होती, “अरे, पण मला का नाही सांगितलंस?”

मग तिनं स्वतःच कागद पुढे ओढला. सोनं गहाण ठेवावं की मोडावं यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं. माझं मत मोडण्याच्या बाजूनं होतं, कारण गहाण ठेवलेला डाग म्हणजे आणखी एक हप्ता, आणि व्याज भरून भरून नूतनीकरण करत राहिलेले डाग लिलावात गेलेले मी पाहिले आहेत. पण स्त्रीधन तिचं, निर्णय तिचा, हे मी आधी सांगितलं आणि भाच्यालाही तिथे गप्प बसवलं. तिनं माहेरच्या दोन बांगड्या मोडायचं ठरवलं. घट वजा जाता कार्ड आणि दोन्ही ॲप मिटून पाचेक हजार वर उरले. कार्ड तिनं कात्रीनं कापलं आणि खातं बंद करण्याचा अर्ज त्याच दिवशी दिला.

तरी महिन्याला तीन हजारांची तूट राहत होती. ती भरून निघाली ती मंगळवेढ्याहून. भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, तिथे राहते. तिला सांगायला तो तयारच होत नव्हता. म्हणाला, “आईला पाठवायचे पैसे कमी करणार? मग मी कमावतो कशाला?” शेवटी सून बोलली. बहीण फोनवर क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, “मला वर्षभर काही पाठवू नका. दोन पोती ज्वारी आहे, तूरडाळ घरची आहे, शेंगा आहेत. एसटीनं पाठवते. आणि त्याला विचार, आजीची वही आठवते का म्हणून.” आईनं ती वही उघडली त्या रविवारी बहीण आठ वर्षांची होती, माझ्या शेजारी बसलेली.

हे सगळ्यांना जमेल असं नाही. मोडायला बांगड्या नसतात, गावाकडे ज्वारी नसते, नोकरीच गेलेली असते. अशा घरासाठी बाहेर पडायचा सरळ, अब्रूचा रस्ता कायद्यानं द्यायला हवा. २०१६च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी तसा भाग लिहिलेला आहे. पण कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता तो लागू झाला, सामान्य कुटुंबासाठी अजून नाही. मुंबईतल्या माणसाला आजही १९०९चा कायदा आहे आणि बाकी महाराष्ट्राला १९२०चा. बुडीत कंपनीला नव्यानं उभं राहण्याची सोय झाली, ती चार माणसांच्या घराला अजून व्हायची आहे, याचा मला राग येतो.

भाच्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर आता एक कागद लावलेला आहे. वर तिच्या अक्षरात ‘मागील बाकी’ असं लिहिलंय आणि खाली फक्त दोन ओळी शिल्लक आहेत, घर आणि वैयक्तिक कर्ज. मोटरसायकल त्यानं विकली, कंपनीच्या बसनं जातो. फोनचे हप्ते संपले. दर महिन्याच्या पाच तारखेला मोठी मुलगी लाल पेननं एक चौकट खोडते. वैयक्तिक कर्जाच्या अजून अकरा चौकटी उरल्या आहेत.