बंदुकीची गोळी आणि इहसान

जो प्राणी आपल्या ताटात येणार नाही, त्याचा जीव घेण्याची मुभा माणसाला कोठवर आहे? आणि मुभा असेलच, तर मारण्याचे साधन निवडताना त्याने कोणाचा विचार करावा? आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. म्हणून हा प्रश्न आपल्या दारापर्यंत येत नाही. परंतु आपली मुले-नातवंडे आज अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथील ग्रामीण भागात बंदूक ही घरातील नित्याची वस्तू असून कायोटीची शिकार हा लोकप्रिय छंद आहे.

कायोटी हा आपल्या कोल्ह्याच्या कुळातील, बहुधा वीस किलोच्या आत वजनाचा प्राणी. तो कोकरे व वासरे उचलतो, त्यामुळे मेंढपाळ त्याचा वैरी. सरकारी यंत्रणाच दर वर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारते. खासगी शिकाऱ्यांनी मारलेले वेगळेच. सुळे असलेले हिंस्र श्वापद खाण्यास प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. म्हणजे मुस्लिम शिकाऱ्यापुढे अन्नाचे कारण उरत नाही. उरतात तीन कारणे : उपद्रवापासून संरक्षण, कातडे आणि मौज.

पहिल्याविषयी शरीअतची भूमिका स्पष्ट आहे. चावरे कुत्रे, विंचू, उंदीर अशा काही उपद्रवी जीवांना हरमच्या हद्दीतही मारण्याची अनुमती हदीसमध्ये आलेली आहे. कोकरू नेणाऱ्या कायोटीवर मेंढपाळाने गोळी झाडली, तर त्याला कोणी दोष देणार नाही. मौजेविषयीही संदिग्धता नाही. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांना एकदा कुरैशचे काही तरुण एक पक्षी समोर ठेवून नेमबाजी करताना दिसले, चुकलेला प्रत्येक बाण पक्ष्याच्या मालकाला मिळणार, असा ठराव होता. इब्न उमर येताना दिसताच ते पांगले. सजीवाला निशाण बनविणाऱ्याचा प्रेषितांनी (स.) धिक्कार केला आहे, याची त्यांनी आठवण करून दिली. जास्तीत जास्त कायोटी मारणाऱ्यास बक्षीस देणाऱ्या स्पर्धा अमेरिकेत भरतात, त्यांत आणि त्या नेमबाजीत मला तरी फरक दिसत नाही. कॅलिफोर्नियाने अशी बक्षिसे २०१४ मध्ये बंद केली. व्हरमाँट, न्यू मेक्सिको यांनीही पुढे या स्पर्धांवर बंदी घातली. तेथील बिगरमुस्लिम समाजाच्या विवेकानेच हा निर्णय घेतला, हे मोकळेपणाने मान्य करावे.

खरी गुंतागुंत कातड्यापाशी सुरू होते, आणि ती गोळीच्या निवडीत दिसते. या शिकारीत '.२२३ रेमिंग्टन' हे काडतूस फार वापरले जाते. त्याची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण सुटताना वेग सेकंदाला एक हजार मीटरच्या जवळपास. गोळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक, पूर्ण धातूच्या आवरणाची : ती आरपार जाते, कातड्याला लहानसे भोक पडते, कातडे चांगल्या भावाने विकले जाते, परंतु मर्मावर न लागल्यास जखमी प्राणी पळतो आणि कोठेतरी झुडपात तासन्‌तास तडफडून मरतो. दुसरी, पोकळ किंवा मऊ टोकाची : ती शरीरात शिरताच पसरते वा फुटते आणि प्राणी बहुधा जागीच कोसळतो. मात्र पातळ आवरणाची गोळी खांद्याच्या हाडावर लागली, तर वरच्या वर फुटून भयंकर जखम करते आणि जीव तसाच राहतो. म्हणजे केवळ गोळी बदलून भागत नाही. अंतर, कोन आणि वारा पाहून प्रसंगी चाप न ओढण्याचा संयमही लागतो.

येथे इतिहासातील एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावी. पसरणारी गोळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात तयार झाली. 'दमदम' हेच तिचे नाव पडले. १८९९ मध्ये हेग येथील परिषदेने युद्धात अशा गोळीला बंदी घातली, कारण ती अकारण यातना देते. तीच गोळी शिकारीत दयेची ठरते! विसंगती वाटते, पण नाही. युद्धात सैनिकाला लढण्यास असमर्थ करणे पुरेसे असते, त्याची जखम बरी व्हावी हेच इष्ट. शिकारीत मृत्यू ठरलेलाच असतो. प्रश्न फक्त तो किती लांबतो, एवढाच. गोळी स्वतः क्रूरही नाही, दयाळूही नाही.

प्रत्येक गोष्टीत इहसान, म्हणजे उत्तम रीतीने वागणे, अल्लाहने आवश्यक ठरविले आहे, मारायचे तर तेही उत्तम रीतीने, आणि जिबह करणाऱ्याने सुरीला धार लावून जनावराला आराम द्यावा, असा आशय हजरत शद्दाद इब्न औस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. धार लावण्याचे कष्ट माणसाचे, आराम जनावराचा. कातडे अखंड राहावे म्हणून आरपार जाणारी गोळी निवडणारा हा क्रम उलटवतो : आराम आपला, कष्ट जनावराचे.

साधनाची एवढी चिकित्सा आपल्या फिकहला नवी नाही. हजरत अदी इब्न हातिम (रजि.) यांनी मिअराज या जड बाणाविषयी विचारले, तेव्हा टोकाने भेदले तर शिकार हलाल, आडव्या आघाताने मेली तर नाही, असे उत्तर मिळाले. पुढे बंदूक आली आणि वाद उभा राहिला. दमास्कसचे हनफी विद्वान अल्लामा शामी यांच्या मते गोळी धारेने नव्हे, जोराने व दाहाने मारते, म्हणून जिबह न होता मेलेली शिकार अवैध. त्यांचेच समकालीन यमनचे इमाम शौकानी म्हणाले की, गोळी भेदते, म्हणून वैध. हा वाद खाण्याच्या शिकारीचा, हे खरे. पण जीव नेमका कशाने गेला, हे विचारण्याची सवय त्यातून कायोटीपर्यंत यायला हवी.

राहिला मागे पडलेला देह. शिशाची फुटलेली गोळी त्यात बारीक कणांच्या रूपाने उरते; गरुड व गिधाडे तो देह खातात आणि विषबाधा होऊन मरतात. कॅलिफोर्नियातील दुर्मिळ काँडोर पक्षी यामुळेच संकटात आले. तेथे १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीत शिशाच्या गोळीला मनाई आहे. तांब्याची गोळी महाग पडते, ही तक्रार मात्र शिकारी अजूनही करतात.