मार्कांची धडधड आणि चौथी गोष्ट

आजचं चिंतन: गीता, अध्याय २, श्लोक ४७.

माझी मामेबहीण बी.पी.एड. करतेय. मैदानावर एकदम बिनधास्त. पण शरीररचनेचा पेपर किंवा सराव पाठ जवळ आला की पोटात गोळा. परवा म्हणाली, "दादा, फळाची आशाच सोडायची, तर मग अभ्यास कशासाठी?"

प्रश्न खरा आहे. पण या श्लोकात चार गोष्टी आहेत आणि आपण पहिल्या दोनच लक्षात ठेवतो. तिसरी सांगते, फळ हे तुझ्या कर्माचं कारण होऊ देऊ नकोस. मला वाटतं, कारण हवंच; फक्त दुसरं. गुडघ्याची रचना मार्कांसाठी वाचली की धडधड वाढते. उद्या आपल्या शिट्टीवर पळणाऱ्या पोराचा गुडघा दुखावू नये म्हणून वाचली, की लक्ष त्या पोराकडे जातं. चौथी गोष्ट: कर्म टाळूही नकोस. नापास होण्याच्या भीतीने पुस्तक मिटणं, हीसुद्धा फळाचीच ओढ.

शर्यतीत पहिला एकच येतो. बाकीच्यांना उद्या पुन्हा पळावंसं वाटावं, हे पी.टी.च्या शिक्षकाचं काम. ते आधी स्वतःच्या निकालावर करून बघायला हवं ना?

आज अभ्यासाला बसण्याआधी स्वतःला एकच विचारा: हे मी कोणासाठी शिकतोय?